घरातला खडूचा फळा ऋतूप्रमाणे कसा सजवावा? जुन्या चित्राचे डागही राहतात.

आधी डागांचं बघू. ओल्या फडक्याने फळा पुसून पूर्ण वाळू द्या. मग पांढरा खडू आडवा धरून सगळा फळा घासा आणि कोरड्या कापडाने पुसून काढा. बारीक छिद्रांत भुकटी बसते, त्यामुळे नव्या रेघा तिथे रुतत नाहीत. नवीन फळ्यावर तर हे पहिल्याच दिवशी करावं.

विषय शोधायला आपल्या साताऱ्याबाहेर जायची गरजच नाही. आषाढात बेंदराची, म्हणजे बैलांच्या सणाची, रंगवलेल्या शिंगांची बैलजोडी काढा, नाहीतर लोणंद-फलटणकडून जाणाऱ्या माउलींच्या पालखीच्या पताका.

माझा सगळ्यात आवडता काळ भाद्रपद, कारण तेव्हा कासचं पठार फुललेलं असतं. खालच्या कडेला तेरड्याचा गुलाबी पट्टा घ्या. त्यावर सीतेची आसवं ही इवली जांभळी फुलं: जांभळ्या खडूचं टोक क्षणभर पाण्यात बुडवायचं, फळ्यावर टेकवून किंचित फिरवायचं. ओलं असताना रंग फिका वाटतो, वाळल्यावर असा उठून दिसतो की बघत राहावं. मधे मधे सोनकीचे पिवळे ठिपके द्या. मुलांना हे काम फार आवडतं, त्यांनाच करू द्या.

थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, उन्हाळ्यात अजिंक्यताऱ्याची बाह्यरेषा आणि मागे मोठा सूर्य, एवढं पुरे.

आणि हो, पावसाळ्यात फळा ओल येणाऱ्या भिंतीवर ठेवू नका, प्लायवूड फुगतं.