पॅरिसहून शार्त्रला जायला अर्धा दिवस पुरेल का? तिथे काय काय बघावं?

अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं, मोंपार्नास स्टेशनवरून सव्वा तासाच्या आसपास लागतो. पण तसं करू नका. मी केलंय.

आम्ही दोन कुटुंबं मिळून गेलो होतो. गाडीत बसतानाच माझे साडू म्हणाले, "अहो, एक चर्च बघितलं की सगळी बघितली. पाऊण तासात उरकू." त्यांनी तिथल्या जुन्या कॅथेड्रलसमोर, म्हणजे मोठ्या चर्चसमोर, दोन्ही मनोऱ्यांसकट फोटो काढले (एक १०५ मीटर, दुसरा ११३) आणि आत एक चक्कर मारली.

मी दक्षिणेकडच्या बाजूला एका खिडकीखाली थांबलो. तिथल्या खिडक्यांत रंगीत काचांच्या चित्रांतून गोष्टी सांगितल्यात, त्या खालून वर वाचायच्या असतात. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या, बायबलमधल्या त्या दयाळू शमरोनी माणसाची गोष्ट त्या खिडकीत आहे. पण मी भाच्याची दुर्बीण डोळ्याला लावली आणि अगदी तळाच्या चौकटींवरच अडकलो. तिथे जोडे शिवणारे कारागीर आहेत, कामात वाकलेले. खिडकीला पैसे त्यांनीच दिले अशी जुनी समजूत आहे, अभ्यासक त्यावर अजून वाद घालतात. माझे वडील, आबा, कोल्हापुरात चपला शिवायचे. घरात सगळीकडे कातडं, आरी, रापी. आमच्या धंद्याच्या माणसाला आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी देवाच्या घरात, एवढ्या निळ्या उजेडात बसवलंय, हे बघून माझा पायच निघेना.

"चला, गाडी चुकेल!" साडूंनी दंडाला धरलं. चालता चालता मोबाईलवर एक फोटो घेतला, तो हलला. गावी आल्यावर आबांनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "हात दिसंनात रं." त्यानंतर दोनच वर्षांनी ते गेले.

साडू आजही म्हणतात, "काचच होती ना शेवटी?" १९३९ साली युद्धाच्या तोंडावर तिथल्या लोकांनी त्या खिडक्या उतरवून सुरक्षित जागी हलवल्या होत्या. नुसत्या काचेसाठी कुणी एवढा जीव टाकत नाही. हे मी त्यांना दोन लग्नांत आणि एका बारशात सांगितलंय. गाडी चुकली असती तर पुढची मिळाली असती.

तेव्हा तुम्ही सकाळी लवकर निघा आणि संध्याकाळी परत या. कॅथेड्रलच्या ११९४ च्या आगीतून वाचलेली एक खिडकी आहे, निळ्या वस्त्रांतल्या मेरीची, येशूच्या आईची. तिच्यासमोर निवांत बसा. दुपारी खाली अर नदीकाठी चाला, जुने पूल आणि घरं छान आहेत. कॅथेड्रलमधला जमिनीवरचा चक्रव्यूह जवळजवळ १३ मीटर रुंद आहे, पण एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. बहुतेक करून शुक्रवारीच, तेही थंडीचे महिने सोडून, मोकळा करतात. पावसाळी हवा असेल तर रंग मंद दिसतात, हेही लक्षात ठेवा. लहान मुलं बरोबर असतील तर एवढे तास ती कंटाळतील, त्यांना नदीवर न्या.

आणि दुर्बीण विसरू नका. तळाच्या चौकटी आधी बघा.