उद्यमबागेत चार महिने माणूस ठेवायचा तर हॉटेल की फर्निश्ड फ्लॅट?

ताई, तुमचा पुण्याचा इंजिनिअर ऑगस्ट ते डिसेंबर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन बसवायला येणार आणि हॉटेल बघू की फर्निश्ड फ्लॅट असं विचारलंय तुम्ही. चार महिने असतील तर फ्लॅटच घ्या. हॉटेलचं जेवण माणसाला महिन्याभरात नकोसं होतं, घरचं पोळी-भाजी देणारी मावशी मिळाली की तो टिकतो.

पण फोटोतला सोफा-टीव्ही बघून ठरवू नका. आधी पाणी विचारा. बेळगावात काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे, बाकी भागात काही दिवसांआड येतं, त्यामुळे टाकी केवढी, बोअर आहे काय, आणि पाणी सोडायला कोण असतंय हे मालकाला नाही तर शेजाऱ्याला विचारा. दुसरं, इकडं घरोघरी सोलर हीटर असतो आणि पावसाळ्यात तो काही कामाचा नाही, बाथरूममध्ये करंटचा गीझर आहे ना हे बघा. ऑगस्टात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, म्हणून वॉशिंग मशीन आणि वर झाकलेली बाल्कनी ह्या दोन गोष्टींसाठी भाडं थोडं जास्त गेलं तरी देऊन टाका.

जागा म्हणाल तर टिळकवाडी, हिंदवाडी बरी, उद्यमबाग जवळ पडतं, मच्छेला जायचं झालं तरी तोच खानापूर रोड. काम हायवेवरच्या होनग्याला किंवा हत्तरगीला असतं तर मात्र हायवेच्या बाजूची जागा बघा म्हटलं असतं.

पैशाचं एक ऐका. हॉटेल कर्नाटकात म्हणजे जीएसटीही कर्नाटकाचा, आणि कंपनीचं रजिस्ट्रेशन फक्त महाराष्ट्रात असेल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे भरलेला कर कंपनीला आपल्या करातून वळता करता येत नाही. फ्लॅट कंपनीच्या नावावर घेतला तर १८ जुलै २०२२ पासून रिव्हर्स चार्ज आहे, म्हणजे भाड्यावरचा जीएसटी मालकाऐवजी कंपनीलाच भरावा लागतो, तेव्हा करार कुणाच्या नावावर करायचा ते सीएला आधीच विचारा. विजेच्या मीटरचं रीडिंग पहिल्या दिवशीच फोटो काढून मालकाला पाठवा, हेस्कॉमच्या (इकडची वीज कंपनी) बिलावरूनच शेवटी डिपॉझिटची भांडणं होतात.

आणि करारात डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख आत्ताच लिहून घ्या. इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुतेक डिसेंबरातच असतं, आमदार, अधिकारी, पोलीस सगळे गावात, त्या दिवसांत हॉटेलची खोली मिळत नाही आणि काही मालक जास्त भाड्याच्या आशेनं आहे त्या माणसाला खोली सोडा म्हणतात.