एंजिनचं काम काढलंय, पण ए.सी.चं काय करायचं?

जुन्या गाड्यांच्या ए.सी.बद्दल ठाणे-नवी मुंबईतून आलेल्या प्रश्नांपैकी चार आज घेतोय.

वागळे इस्टेट: कॉन्टेसा १.८ जीएलएक्सचं हेड गॅस्केट गेलंय. मेस्त्री म्हणतो आधी ए.सी.चा गॅस सोडून देऊ, मग हेड उतरवू. सोडू द्यायचा का?

नाही, आधी त्याला थांबवा. वाटेत येतोय तो कॉम्प्रेसर, गॅस नाही. बेल्ट ढिला करायचा, कॉम्प्रेसरची पुली जोडणाऱ्या क्लचच्या वायरचं सॉकेट काढायचं, ब्रॅकेटचे बोल्ट खोलायचे आणि पाईप जोडलेले ठेवूनच अख्खा कॉम्प्रेसर बाजूला घ्यायचा, मग जाड तारेने बॉडीला बांधायचा, पाईपवर लोंबकळत अजिबात सोडायचा नाही कारण त्याचं वजन बरंच असतं. ब्रॅकेटमधून पातळ वॉशर निघाले तर कुठला कुठून निघाला ते मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर पुली लाईनीत बसत नाही आणि मग बेल्ट ओरडत राहतो. होस हळू वाकवा, वाकवताना कुरकुर आवाज आला किंवा रबरावर चिरा दिसल्या तर तो होस तसाही बदलायला झालाय समजा.

एखादा लोखंडी पाईप हेडवरूनच गेला असेल आणि दुसरा इलाजच नसेल तर गॅस सिलिंडरमध्ये खेचून घेणाऱ्या रिकव्हरी मशीनवाल्याला बोलवा, पण नट ढिला करून फुस्स करू देऊ नका. या जुन्या ए.सी.तला गॅस म्हणजे आर-१२, तो उणे ३० अंशांच्या आसपास उकळतो, हातावर किंवा डोळ्यात उडाला तर गोठून जखम होते, आणि जवळ गॅस वेल्डिंग चालू असेल तर त्या आगीत त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होऊ शकतो.

खारघर: प्रीमियर ११८ एनई गाडीचं एंजिन बाहेर काढलं तेव्हा पाईप खोलले ते दोन महिने पावसाळ्यात तसेच उघडे राहिले. आता नुसता गॅस भरला तर चालेल ना?

नाही चालणार हो. आपल्याकडच्या पावसाळी हवेतलं पाणी पाईपात शिरतं, ड्रायरमधले (गॅसमधलं पाणी टिपणाऱ्या डबीतले) दाणे ते शोषून शोषून भरून जातात, मग उरलेलं पाणी एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकापाशी बर्फ होऊन अडकतं आणि गॅसशी मिळून ॲसिड बनून कॉम्प्रेसर आतून खातं. ड्रायर नवा घ्याच, तिथे पैसे वाचवू नका. सगळ्या ओ-रिंग नव्या टाका, कूलिंग कॉइल आणि कंडेन्सर फ्लश करून घ्या, कॉम्प्रेसरचं तेल बदला. मग किमान पाऊण तास पंपाने आतली हवा खेचून व्हॅक्यूम, गेजची सुई व्हॅक्यूमच्या २९ इंचाजवळ गेली पाहिजे, त्यानंतर पंप बंद करून अर्धा तास सुईकडे बघत बसा, सुई परत आली तर कुठेतरी लीक आहे आणि ते सापडल्याशिवाय गॅस भरू देऊ नका.

पुढच्या वेळी पाईप खोलल्या क्षणी तोंडाला बूच, ते नसेल तर प्लास्टिक पिशवी आणि घट्ट टेप, पण त्याच मिनिटाला.

घोडबंदर रोड: १९९१ची मारुती ८०० आहे, आर-१२ मिळत नाही. मेकॅनिक म्हणतो उरलेल्यावरच १३४ए हा नवा गॅस भर.

मिसळू नकाच. ओझोनचा थर वाचवायचा मॉन्ट्रियल करार १९८७चा, भारत त्यात १९९२ला आला आणि २०१०पासून आपल्याकडे ओझोनला मारक सीएफसी गॅस बंद झाले, आर-१२ त्यातलाच, म्हणून तो मिळत नाही. तेव्हा जुना गॅस पूर्ण काढून घ्या. आर-१२बरोबरचं मिनरल तेल १३४एमध्ये मिसळत नाही, त्यामुळे ते शक्य तितकं काढून एस्टर तेल घाला, ड्रायर बदला, आणि १३४ए मूळ वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्केच भरा, जास्त भरला तर प्रेशर चढतं. सिग्नलला उभं राहिल्यावर गारवा थोडा कमी वाटेल, तर कंडेन्सरची जाळी धुवा आणि पंखा नीट चालतोय का बघा. कोणी सिलिंडरमधला एलपीजी भरतो म्हणाला तर सरळ दुसरीकडे जा, केबिनमध्ये गळला की पेटू शकतो.

नेरूळ: ए.सी.चं काम नंतर करतो, तोपर्यंत बेल्ट काढून गाडी फिरवली तर?

आधी तो बेल्ट कुठून कुठे जातो ते बघा. फक्त कॉम्प्रेसरचा असेल तर खुशाल काढा. तोच वॉटर पंपही फिरवत असेल तर काढू नका, ए.सी.चा स्विच बंद ठेवून चालवा, क्लच लागला नाही की पुली नुसती मोकळी फिरते. फक्त पुलीच्या बेअरिंगचा घरघर आवाज येत असेल तर ते आधी बदलून घ्या, अटकलं तर बेल्ट जाईल, वॉटर पंप थांबेल आणि नुकतंच बांधलेलं एंजिन गरम होईल.