पायपेटीवरून उठताना

"निवृत्त झाल्यावर मी कोण?" दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत हा प्रश्न किती जणांनी विचारला असेल! पालिकेच्या शाळेतल्या बाई, बेस्टचे ड्रायव्हर, बँकेचे मॅनेजर. नोकरीत निदान तारीख तरी ठरलेली असते, ५८ किंवा ६०. पण ज्यांनी पगाराशिवाय, सेवा म्हणून आयुष्यभर काही केलं, त्यांना निवृत्तीचा कागद कोणी देत नाही. भजनी मंडळाचे पखवाजवाले, वाचनालयाचे कार्यवाह, उत्सवाची वर्गणी गोळा करणारे काका. असे चार-पाच जण लागोपाठ आले, म्हणून लिहायला बसले. त्यातल्या एकांची गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीनं आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून.

मास्तर ७१ वर्षांचे. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, सगळे त्यांना पेटीमास्तर म्हणतात, म्हणून मीही मास्तरच म्हणायची. घर नगरकडचं, मराठी ख्रिस्ती. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) पदं ऐकत लहानाचे मोठे झाले. रेल्वेत नोकरी लागली म्हणून मुंबईत आले आणि पत्नीच्या माहेरच्या लुथरन मंडळीत, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या पंथात, रुळले. मुंबईत लुथरन तसे थोडेच. या मंडळीत तेलुगू-तमिळ कुटुंबं जास्त, मराठी घरं मोजकी, गीतं तिन्ही भाषांतली. चोविसाव्या वर्षी मास्तर तिथल्या पायपेटीवर, म्हणजे पायानं भाता मारायच्या हार्मोनियमवर बसले आणि ४७ वर्षं दर रविवारी बसत राहिले. आता गुडघे भाता मारू देईनात. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मायेनं सुचवलं, "ईस्टरनंतर तुमचा निरोप समारंभ करू." त्या दिवसापासून मास्तरांची झोप गेली, जेवण तुटलं. मुलीनं आणलं. झोप आणि भूक इतकी ढळलेली असली की मी आधी डॉक्टरांकडे पाठवते, तसं पाठवलं. मग आम्ही बोलायला बसलो.

"बाई, पाचारण संपलं की माणूस कशासाठी उरतो?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

वाजवणं हे त्यांच्यासाठी देवानं दिलेलं बोलावणं होतं. "लूथर म्हणायचा, ईश्वरविद्येच्या खालोखाल मान संगीताचा. म्हणजे पाळकाच्या खालोखाल मी होतो. आता बाकावरचा एक म्हातारा होणार." आणि त्यांच्या जागी येणारी कोण, तर बावीस वर्षांची मुलगी, कीबोर्डवाली. "चांगली आहे पोर. पण कीबोर्डला भाता नाही, बाई. पेटी श्वास घेते म्हणून मंडळीही श्वास घेते."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते, म्हणजे दुःखामागचा हट्टी विचार शोधून तो बदलायला मदत करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी ती मांडली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसाच्या हाताशी आणून ठेवली. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे: मराठीत आपलं बरंचसं दुःख एका 'च'मध्ये दडलेलं असतं. 'मी वाजवावं' यात इच्छा आहे. 'मीच वाजवायला हवं' यात हुकूम आहे, आणि हुकूम मोडला की माणूस स्वतःला रद्दीत काढतो. मास्तरांचं दुःख मला काढून घ्यायचं नव्हतं. ४७ वर्षांची जागा सोडताना डोळे भरून येणार नाहीत, तर कधी येणार? मला फक्त तो 'च' हवा होता.

तो सहजासहजी मिळाला नाही. मास्तर वाचलेला माणूस. म्हणाले, "जर्मन संगीतकार बाख १७२३ साली लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये लागला आणि १७५० साली मरेपर्यंत त्या पदावर होता. शेवटी डोळे गेले तरी. त्याला कोणी शाल दिली नाही."

"आणि तो गेल्यावर तिथलं गाणं थांबलं?"

"छे! तिथला मुलांचा गायकवृंद १२१२ सालचा आहे. बाखच्या आधी होता, आजही गातो." एवढं बोलून ते थांबले. माझ्याकडे बघितलं आणि विषय बदलला. मी बदलू दिला. माणसाला स्वतःचंच उत्तर ऐकू आलं, की त्यावर लगेच बोट ठेवू नये.

पाचव्या भेटीला त्यांनी गीतांचं पुस्तक आणलं. पानापानाला पेन्सिलीच्या खुणा. इथे श्वास. इथे मंडळी घाई करते. इथे म्हाताऱ्या बाया खाली उतरतात, थांबा. त्यांनी एक गीत गुणगुणून दाखवलं, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबत होता, भाता मारत होता. मग ते समजावू लागले. लूथरनं गाणं लोकांच्या भाषेत, लोकांच्या तोंडी दिलं. १५२४ सालचं पहिलं पुस्तक अवघ्या आठ गीतांचं, त्यातली चार त्याची. "आणि गंमत म्हणजे, बाई, तेव्हा मंडळी गाताना ऑर्गन साथीला नसायचा. लोक आपले आपण गायचे. साथ पुढे रुळली. शब्बाथशाळेत, रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, मुलांना मी हे दरवर्षी सांगतो."

मी विचारलं, "मास्तर, मंडळी गाते तेव्हा तुम्ही काय गाता?"

"मी? मी कुठे गातो! मला पुढची ओळ बघायची असते, श्वास राखायचा असतो."

"४७ वर्षांत?"

ते गप्प झाले. खाली लोकल गेली, दुसरी गेली. पाय थांबला होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सगळे शब्द पाठ आहेत. तोंडातून एकदाही काढले नाहीत. मंडळीत असून मी मंडळीत बसलोच नाही कधी."

मलाही तेव्हाच दिसलं. मी इतके दिवस त्यांना जागा सोडायला शिकवत होते. पण त्याच छपराखाली त्यांची दुसरी एक जागा होती, आणि ती ४७ वर्षं रिकामी होती. निवृत्त होणाऱ्या कोणाशीही बोलताना आता मी हे विचारते: हे काम करत होता म्हणून तुमचं काय राहून गेलं? शाळेच्या बाईंनी मागच्या बाकावर बसून कधी काही ऐकलं नव्हतं. पखवाजवाल्यांनी कीर्तन कधी समोरून पाहिलं नव्हतं.

बाकीचं काम मग हिशेबाचं होतं, तरी सांगते, कारण माणसं इथेच चुकतात. तारीख स्वतः ठरवा, दुसऱ्यानं सुचवेपर्यंत थांबू नका. मास्तरांनी पेंटेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाचा, रविवार निवडला, म्हणजे ईस्टरनंतर आणखी सात आठवडे मिळाले. ते सगळे त्यांनी त्या मुलीला शेजारी बसवून काढले आणि शेवटी पेन्सिलीच्या खुणांचं ते पुस्तक तिच्या हाती दिलं. निरोपानंतर काही रविवार दुसऱ्या चर्चमध्ये जा, मग परत या, आणि वाद्यापासून लांब बसा. "तुमच्यासारखं नाही हो वाजवत ती" असं कोणी कानाशी आलं, तर गोड वाटेल, मनाई नाही; पण त्या वाक्याला मान डोलावू नका. डोलावलीत तर नव्या माणसाचे पाय तुम्हीच लटपटवले. घरच्यांनी "आता आराम करा" म्हणू नये. आराम कशाला म्हणतात हे या माणसांना ठाऊक नसतं, त्यांना ते वाक्य हाकलल्यासारखं लागतं. त्याऐवजी रविवारी सकाळी सहाला, जेव्हा ते सवयीनं उठून बसतात, तेव्हा शेजारी चहा घेऊन बसा. आणि संस्थांना माझं कळकळीचं सांगणं: शाल देऊन मोकळे होऊ नका. महिन्याभरानं एखादं नेमकं काम घेऊन त्यांच्या दारी जा.

पेंटेकॉस्टनंतरच्या आठवड्यात मास्तर आले. शेवटच्या गीताचं त्यांनी आधीच ठरवलं होतं, पाळकसाहेबांनाही सांगितलं नव्हतं. शेवटून दुसरं कडवं संपलं आणि त्यांनी भाता सोडला, झाकण लावलं, उठून उभे राहिले. मंडळी क्षणभर गोंधळली. मग मागून कोणीतरी बाईनं ओळ उचलली आणि सगळे गाऊ लागले, तीन भाषांच्या उच्चारांत, वाद्याविना. मास्तरही गायले.

"कसं झालं?" मी विचारलं.

"अर्धा सूर उतरले सगळे," ते म्हणाले. "मीसुद्धा."