ग्रीक 'किनोतिता' म्हणजे समुदाय नव्हे

प्रश्न असा आहे: ग्रीसच्या झागोरी भागातल्या पापिंगो या डोंगरी गावाविषयी मराठीत लिहायचं आहे. हे गाव आधी 'कम्युनिटी' होतं आणि २०११पासून 'म्युनिसिपालिटी'त आहे, अशी माहिती इंग्रजीत मिळते. मग 'समुदाय' आणि 'नगरपालिका' लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत. 'समुदाय' म्हटलं की मराठी वाचकाला माणसांचा गट दिसतो, बहुधा जातीचा किंवा धर्माचा. 'पापिंगो समुदायाची लोकसंख्या' असं वाचून ही कुठली तरी जमात असावी असंच त्याला वाटेल. मूळ ग्रीक शब्द 'किनोतिता'. १९१२च्या कायद्याने तीनशेहून अधिक वस्ती आणि प्राथमिक शाळा असलेल्या गावाला स्वतःचा कारभार करायची मुभा मिळाली, त्या कारभाराचं हे नाव. (झागोरी त्या वेळी उस्मानी राज्यात होतं, ते १९१३मध्ये ग्रीसमध्ये आलं.) निवडून आलेलं मंडळ आणि त्याचा प्रमुख 'प्रोएद्रोस'. यासाठी आपल्याकडे ग्रामपंचायत आणि सरपंच हे शब्द तयारच आहेत, ते बिनदिक्कत वापरावेत.

पण कोणत्या वर्षाबद्दल लिहितो आहोत, ते आधी पाहायला हवं. १९९७च्या कापोदिस्त्रियास योजनेने पाच हजारांहून अधिक दिमोस (इंग्रजीत ज्याला 'म्युनिसिपालिटी' म्हणतात ते) आणि किनोतिता एकत्र करून त्यांची संख्या हजाराच्या आसपास आणली. त्यानंतरची पापिंगो किनोतिता म्हणजे एकटं पापिंगो नव्हे, शेजारचं आरिस्तीही तिच्यात होतं. तिला 'गट ग्रामपंचायत' हा आपला शब्द अगदी चपखल बसतो. पुढे २०१०च्या कालिक्रातिस कायद्याने, १ जानेवारी २०११पासून, देशभरात ३२५ दिमोस उरले. पापिंगो झागोरी दिमोसच्या पाच विभागांपैकी एक झालं आणि कारभार आस्प्रांगेली इथून चालू लागला.

या दिमोसला नगरपालिका म्हणायला मन धजत नाही. डोंगरात विखुरलेली चाळीसहून अधिक गावं, त्यात नगर कुठलं? तालुका म्हणावं, तर तालुका ही महसुली सोय, आणि दिमोस निवडून दिलेला. म्हणून 'दिमोस' तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'अनेक गावांची मिळून निवडून दिलेली स्थानिक संस्था' असं सांगून टाकावं. २०१९पासून दिमोसखालच्या प्रत्येक गावपातळीला नुसतं 'किनोतिता' म्हणतात. तिचे अधिकार मात्र फारच थोडे, तेव्हा तिथे 'ग्रामसमिती' बरा.

लोकसंख्येचा आकडा देताना तर जास्तच जपायला हवं. पापिंगो हे नाव गावाचं, किनोतितेचं आणि विभागाचंही. मिक्रो पापिंगो ही वेगळी वस्तीसुद्धा किनोतितेच्या आकड्यात येते. त्यातच जुन्या जनगणनांत गावोगावचे आकडे त्या दिवशी तिथे हजर असलेल्यांचे असत, आणि गावाचा आकडा वाढावा म्हणून शहरातली माणसं मुद्दाम गावी जात. २०११चे आकडे कायम रहिवाशांचे आहेत. अथेन्समध्ये राहूनही मतदार म्हणून गावातच नोंद असलेल्यांची संख्या आणखी वेगळी. हे आकडे एकाखाली एक मांडून 'गाव ओस पडलं' असा निष्कर्ष काढू नये.

तेव्हा वाक्य असं करता येईल: 'पापिंगो हे झागोरी दिमोसमधलं गाव. २०१०अखेरपर्यंत ते पापिंगो गट ग्रामपंचायतीत होतं.' लोकसंख्या द्यायची तर आकड्याशेजारी जनगणनेचं वर्ष आणि 'फक्त गाव' की 'विभाग' हेही लिहावं.