लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-प्रोग्राममध्ये केलेली ओडीटी फाइल वर्डमध्ये उघडल्यावर मांडणी का बिघडते?

ओडीएफ (ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट; ओडीटी हा त्यातलाच मजकुराच्या फाइलींचा प्रकार) हे 2006 पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक असले, तरी ते मुख्यतः फाइलमध्ये माहिती कशी साठवायची हे ठरवते. ओळ नेमकी कुठे तुटावी, हे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या पद्धतीने ठरवतो. शिवाय फॉन्ट सहसा फाइलसोबत जात नाही, त्यामुळे तो दुसऱ्या संगणकावर नसला की पर्यायी फॉन्ट येतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि तक्ता पुढच्या पानावर ढकलला जातो. बहुतेक तक्रारींचे मूळ, माझ्या मते, इथेच असते. मजकूर मात्र शाबूत असतो: ओडीटी ही मुळात झिप फाइल असल्याने ती उलगडून आतली मजकुराची ‘कंटेंट.एक्सएमएल’ (content.xml) ही फाइल पाहता येते. फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करावा आणि स्पेस मारून जुळवलेल्या मांडणीऐवजी स्टाइल (मांडणीचे जतन केलेले नियम) वापराव्यात. फक्त वाचायलाच द्यायचे असेल, तर सरळ पीडीएफ पाठवावी.