फोटोतली गाडी आपली नसेल, तर नाकाबंदीत थकीत ई-चलन भरून मोकळे होऊ नका

आपण लिहिले आहे की रात्री घरी परतताना नाकाबंदीत गाडी बाजूला घ्यायला लावली, कागदपत्रे सगळी व्यवस्थित निघाली, पण हवालदारांनी मशीनमध्ये गाडीचा क्रमांक टाकल्यावर जुनी चलने थकीत दिसली. त्यांतल्या फोटोंमधली गाडी आपली नाही, असे आपण सांगूनही ‘आता भरून टाका आणि जा’ असे उत्तर मिळाले, आणि रक्कम फार मोठी नसल्यामुळे ती भरून विषय संपवावा का, असा आपला प्रश्न आहे. अगदी हाच त्रास मी भोगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही, नियमांत अधूनमधून बदल होत असतात आणि माझा अनुभव महाराष्ट्रातला आहे. तेवढे ध्यानात ठेवून वाचावे. लायसन, विमा आणि पीयूसी चालू असावेत वगैरे गोष्टी आपल्याला ठाऊकच आहेत, त्यात शिरत नाही.

माझे मत स्पष्ट आहे: भरू नका. ई-चलनाची रक्कम भरणे म्हणजे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० खालचे तडजोड शुल्क भरणे. ते भरले की त्या गुन्ह्याची पुढची कारवाई थांबते, म्हणजे आपण प्रकरण मिटवून घेतले असे होते. त्यानंतर ‘ती गाडी माझी नव्हती’ असे सांगायला गेलात, तर पहिला प्रश्न येतो की मग पैसे भरले कशाला, आणि त्याला धड उत्तर देता येत नाही. दुसरे कारण याहून गंभीर आहे. आपल्या क्रमांकाची दुसरी गाडी रस्त्यावर फिरत असेल, तर उद्या ती एखाद्या अपघातात किंवा चोरीच्या प्रकरणात सापडू शकते, आणि तेव्हा चौकशीला पोलीस पहिल्यांदा आपल्याच दारात येतील. त्या घटनेच्या आधीच्या तारखेची आपली लेखी तक्रार ठाण्याच्या दप्तरी असणे, याचे मोल चलनाच्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त आहे.

मला अंकलीच्या पुलाजवळ थांबवले होते, आणि तिथला अनुभव चांगला होता हे आधी सांगायला हवे, कारण पोलिसांनी अडवले की फक्त वाईटच घडते, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. हवालदारांनी लायसन आणि आरसी डिजिलॉकरवर पाहिली आणि मूळ कागदांचा हट्ट धरला नाही. (२०१८ पासून डिजिलॉकर आणि एम-परिवहनवरची कागदपत्रे मुळाइतकीच ग्राह्य धरली जातात, आजही कोणी ती नाकारली तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ शांतपणे सांगावा.) मशीनवर चलने दिसल्यावर त्यांनी सुरुवातीला पैसेच मागितले. मी फोटो दाखवण्याची विनंती केली, तेव्हा मात्र त्यांनी टाळाटाळ न करता फोटो मोठा केला आणि बॅटरीच्या उजेडात माझ्या गाडीच्या मागच्या बाजूशी ताडून पाहिला. रंग तोच पांढरा, मॉडेलही तेच. पण फोटोतल्या गाडीच्या मागच्या काचेला वायपर नव्हता. तिरक्या कोनातून आलेल्या दुसऱ्या फोटोत चाकांना साध्या प्लास्टिकच्या कॅप दिसत होत्या, माझ्या गाडीला अलॉय आहेत. नंबर प्लेटवर वरच्या डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम नव्हता आणि त्याखाली निळ्या रंगातली ‘आयएनडी’ ही अक्षरेही नव्हती. माझी गाडी १ एप्रिल २०१९ नंतरची असल्यामुळे तिला शोरूममधूनच एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर प्लेट) बसून आली होती. हवालदारांनी हे सगळे स्वतः पाहिले आणि म्हणाले, ‘काका, हे भरू नका. हा डुप्लिकेट नंबर दिसतोय. उद्या तुमच्या ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.’ या संपूर्ण प्रकरणात मला मिळालेला हा सर्वांत उपयोगी सल्ला होता, आणि तो भर रस्त्यात उभ्या असलेल्या एका हवालदाराने दिला.

खरा मनस्ताप पुढे झाला, आणि तो एका कार्यालयामुळे झाला. त्याचे नाव घेत नाही. ऑनलाइन तक्रार केली होती, तिला ‘क्रमांक जुळतो’ एवढ्या दोन शब्दांत फेटाळले गेले होते. क्रमांक जुळतो म्हणूनच तर तक्रार होती. प्रत्यक्ष गेल्यावर खिडकीवर सांगण्यात आले की हे मशीनमधून झाले आहे, आम्हाला काढता येत नाही, ज्या हद्दीत चलन झाले त्या शहरात जा. त्या शहरात गेलो, तर गाडी तुमच्या जिल्ह्यात नोंदलेली आहे, आधी आरटीओचा दाखला आणा, असे उत्तर मिळाले. आरटीओत विचारले, तर असा दाखला आम्ही देत नाही, पोलिसांचे पत्र आणा, असे सांगितले. परत पहिल्या खिडकीवर आलो, तेव्हा टेबल बदलले होते आणि नव्या कर्मचाऱ्याला प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले.

हेलपाटे एक वेळ सहन होतात. सहन न होणारी गोष्ट ही, की या कार्यालयाने माझा अर्ज आवक करून घेण्यास शेवटपर्यंत नकार दिला. ‘अर्जाची गरज नाही, आम्ही बघतो’ असे गोड बोलून परत पाठवले जाई. चलनाच्या दिवशी माझी गाडी सांगलीत सर्व्हिसिंगला होती, याचा पुरावा असलेले मूळ जॉब कार्ड त्यांनी ‘साहेबांना दाखवतो’ म्हणून ठेवून घेतले आणि पुढे ते सापडत नाही म्हणून हात वर केले. आवक क्रमांकच नसल्यामुळे ते मी दिले होते हेही सिद्ध करता येईना. सर्व्हिस सेंटरच्या व्यवस्थापकाने संगणकातली नोंद काढून, त्यावर सही-शिक्का करून दुसरी प्रत दिली म्हणून निभावले. या सगळ्या काळात त्या दुसऱ्या गाडीची नवी चलने माझ्या क्रमांकावर चढतच होती, आणि प्रत्येक नव्या चलनाच्या संदेशाबरोबर घरात काळजी वाढत होती.

मला याचा राग अजूनही आहे आणि तो मी लपवत नाही. फोटो आणि आरसीची नोंद शेजारी-शेजारी ठेवून पाहायला कितीसा वेळ लागतो? नोंदणीत मॉडेल असते, रंग असतो, नोंदणीची तारीख असते. नाकाबंदीत वाहतूक सांभाळत उभ्या असलेल्या माणसाने जे बॅटरीच्या उजेडात केले, ते टेबलाशी बसलेल्यांना करता आले नाही, कारण लेखी काही घेतले नाही तर उत्तरही द्यावे लागत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपल्याकडे लोक रस्त्यावरच्या पोलिसाला शिव्या देतात, आणि काही वेळा तो त्या लायकीचा वागतोही. पण माझ्या मते सामान्य वाहनचालकाचे सर्वाधिक नुकसान अशी तोंडी उत्तरे देणारी खिडकी करते.

म्हणून आपण पहिल्या दिवसापासून तोंडी काहीच करू नका. राहत्या भागातल्या पोलीस ठाण्यात बनावट क्रमांकाबद्दल लेखी तक्रार द्या आणि आपल्या प्रतीवर तारीख, शिक्का व आवक क्रमांक घ्या. त्या पोचेची प्रत जोडून दुसरा अर्ज, जिथे चलने झाली त्या शहराच्या वाहतूक शाखेच्या प्रमुख अधिकाऱ्यांच्या पदनामाने पोस्टाने पाठवा. (२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, त्यामुळे स्पीड पोस्ट करा आणि पोचपावतीची सेवा मागून घ्या.) अर्जात प्रत्येक चलनाचा क्रमांक, तारीख, वेळ आणि ठिकाण लिहा, आणि त्याच्यासमोर आपली गाडी त्या वेळी कुठे होती ते लिहा. सोबत आपल्या गाडीचे चारही बाजूंचे फोटो जोडा. मागचा फोटो चलनातल्या फोटोच्याच कोनातून काढा, म्हणजे फरक शोधावा लागत नाही. एचएसआरपीच्या डाव्या बाजूला खाली लेझरने कोरलेला सांकेतिक क्रमांक असतो, त्याचा जवळून घेतलेला फोटो अवश्य लावा, कारण तो प्रत्येक पट्टीचा वेगळा असतो आणि रंगवून घेतलेल्या बनावट पट्टीवर तो नसतो. फास्टॅगचे त्या तारखेचे विवरण, जॉब कार्ड, कार्यालयाच्या पार्किंगची नोंद, जे असेल ते जोडा, पण फक्त प्रती. मूळ कागद कोणत्याही टेबलावर ठेवून येऊ नका.

यानंतरही हालचाल झाली नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करून ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली आणि तो सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे’ एवढेच विचारा. माझ्या बाबतीत पोस्टाने गेलेला अर्ज आणि त्यामागोमाग गेलेला हा अर्ज यांनीच काम केले. माहिती देण्याची तीस दिवसांची मुदत संपायच्या आत एका उपनिरीक्षकांचा फोन आला, त्यांनी फोटो पुन्हा मागवले आणि चलने रद्द झाली. बनावट क्रमांकाची ती गाडी सापडल्याचे मात्र आजवर कोणी कळवलेले नाही, त्यामुळे ठाण्यातल्या तक्रारीची पोच मी गाडीतच ठेवतो.

आता रस्त्यावर कसे वागावे याबद्दल. हे माझे वैयक्तिक मत आहे, आणि काही जण सहमत होणार नाहीत. कलम १३० प्रमाणे गणवेशातील पोलिसाने मागितल्यावर लायसन दाखवणे आपले कर्तव्य आहे, तिथे वाद घालू नये. गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे, पण त्यात नोंदणी, लायसन आणि परमिट यांविषयीची कारणे दिली आहेत, थकीत चलनांचा उल्लेख नाही. तरीही रात्रीच्या वेळी हे कलम वाचून दाखवत बसू नका. ‘चलनाच्या फोटोतली गाडी माझी नाही, मी लेखी हरकत घेणार आहे, आपण कृपया फोटो पाहा’ एवढे म्हणावे, आणि अर्जाची पोच असेल तर ती पुढे करावी. निम्म्याहून अधिक वेळा एवढ्यावर सोडतात, असे मला दिसले आहे.

वाईट अनुभवही आला आहे. एका शहरात सिग्नलजवळ गाडी पुरती थांबायच्या आतच एकाने खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली, आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजत असताना मी रस्त्याच्या मधोमध अडकून पडलो. किल्ली काढून घेण्याची तरतूद मला मोटार वाहन कायद्यात कुठेही आढळलेली नाही, शिवाय चालत्या रहदारीत ते सरळसरळ धोकादायक आहे. अशा वेळी आवाज चढवून काही साधत नाही. छातीवरची नावाची पट्टी वाचा, बक्कल नंबर टिपून घ्या, वेळ आणि ठिकाण मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार करा. कोणी लायसन ठेवून घेतले, तर कलम २०६ प्रमाणे त्याची तात्पुरती पावती मागा. त्या पावतीवर गाडी चालवता येते. दंड खरोखरच आपल्या चुकीचा असेल, तर तो मशीनवरच भरा आणि पावती घ्या. कोणाच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर यूपीआय करू नका, ती रक्कम सरकारी खात्यात जात नाही.

याच विषयाला धरून आणखी दोन गोष्टी. महाराष्ट्रातली चलने राज्याच्या स्वतंत्र संकेतस्थळावर दिसतात, तर इतर बऱ्याच राज्यांतली केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावर. आपला क्रमांक कोणी वापरत असेल, तर दोन्हीकडे तपासा, कारण तशी गाडी राज्याबाहेरही फिरत असू शकते. आणि चलनाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) आली, तर ती मुळीच उघडू नका. सरकारी यंत्रणा चलन अशा फाइलमधून पाठवत नाही, आणि त्या फाइलमुळे बँक खाती रिकामी झालेली आहेत.

शेवटचा मुद्दा लोकअदालतीचा, कारण थकीत चलनांसाठी तिची नोटीस आपल्यालाही येऊ शकते. नोटीस आली म्हणून घाबरू नका आणि तिकडे दुर्लक्षही करू नका. लोकअदालतीत निकाल फक्त तडजोडीने होतो, आणि एकदा तडजोड झाली की तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. तिथे रक्कम कमी करून देतो असे सांगतील, आणि गर्दीत लवकर मोकळे होण्याचा मोह होईल; पण जी गाडी आपली नाही तिच्यासाठी तडजोड करू नका. अर्जाच्या आणि पोचेच्या प्रती देऊन ‘तडजोड मान्य नाही, बनावट क्रमांकाची तक्रार प्रलंबित आहे’ असे लेखी नोंदवून या, आणि त्यानंतर समन्स आलेच तर वकिलाला सोबत घेऊन न्यायालयात हजर राहा. माझ्या अर्जाचा मसुदा आपल्याला उपयोगी पडणार असेल तर सांगा, वैयक्तिक तपशील काढून देतो.